ओगराळंभर पाणी

जाणारा : इथं जपानात, आमच्या घरामागच्या हाचिमान देवाच्या शिंतो देवळात मी सात वर्षं जातोय. या सात वर्षांत तिथं मला एकानंही विचारलं नाही की तू कोण, कुठला, तुझा देव कोणता, तू हे सगळं मानतोस का. तोरीपाशी, म्हणजे त्या दोन खांबांच्या कमानीपाशी, थोडं वाकायचं आणि वाटेच्या कडेनं चालायचं, कारण मधली वाट देवाची. मग पाण्याचं कुंड लागतं. लांब दांड्याचं लाकडी ओगराळं उजव्या हातात घ्यायचं, डाव्या हातावर पाणी घालायचं, हात बदलून उजव्यावर घालायचं, डाव्या ओंजळीत घोटभर घेऊन चूळ भरायची, डावा हात पुन्हा धुवायचा. शेवटी ओगराळं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी त्याच्याच दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसाच्या हाती धुतलेला दांडा येतो. पुढं दानपेटी. तिच्यात बहुतेक जण पाच येनचं नाणं टाकतात, कारण पाच येन म्हणजे ‘गो-एन’ आणि याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, एकदा वाकायचं, झालं. समोर मूर्ती नाही. गाभाऱ्यात जे असतं, बहुतेक ठिकाणी आरसा, ते कोणाला दाखवत नाहीत. मी दाराशी उभा राहून बंद दाराला नमस्कार करतो आणि कामावर जातो. मला माझ्या आजोळच्या रवळनाथाच्या देवळात लहानपणी जे वाटायचं, तेच इथं वाटतं. गावाला एक राखणदार आहे आणि त्याला रोज नुसतं तोंड दाखवून यायचं, मागायचं काही नाही. धर्मानं माणसाकडून एवढंच मागावं असं मला मनापासून वाटतं. आधी करा, मग वाटलं तर माना, आणि नाही मानलं तरी उद्या या.

थांबणारी : तू जे सांगितलंस त्यातलं कितीतरी मला आवडतं, विशेषतः दांडा धुण्याचं. तरी मी तोरीच्या बाहेर थांबते, आणि का थांबते ते सांगते. तुझ्या बोलण्यात एक गृहीत आहे, की जिथं प्रश्न विचारत नाहीत तिथं मोकळीक असते. मला उलट भीती वाटते. विचारलं तर नाही म्हणता येतं. विचारलंच नाही, तर नाही कुठं म्हणायचं? आणि आता हे ‘जुनं’ पाहू. दोनदा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं ही ठरीव रीत मेजी, म्हणजे १८६८ नंतरच्या, काळातल्या सरकारी पूजानियमांतून घडली. सामान्य माणसांत ती सगळीकडे रुजली तीही नंतरच. इझुमोच्या देवळात अजून चार टाळ्या वाजवतात. तुझा हाचिमानच घे. हजारएक वर्षं लोक त्याला ‘हाचिमान दाइबोसात्सु’ म्हणत, म्हणजे महाबोधिसत्त्व. देव आणि बोधिसत्त्व दोन्ही एकच, आणि त्यात कोणाला अडचण नव्हती. १८६८ मध्ये नव्या सरकारनं हुकूम काढून बौद्ध आणि शिंतो वेगळे केले, हाचिमानची बोधिसत्त्व ही पदवी काढून घेतली, देवळांतल्या बुद्धमूर्ती आणि घंटा बाहेर गेल्या, कित्येक फुटल्या. बेंझाइतेन तर आपली सरस्वती, चीनमार्गे तिथवर गेलेली. अनेक ठिकाणी तिला इचिकिशिमा-हिमे हे शुद्ध जपानी नाव देऊन आत ठेवलं. १८७१ मध्ये देवळं ही राज्याच्या उपासनेची ठिकाणं ठरली, पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, देवळांना दर्जे लागले. म्हणजे तू ज्या शांत, निर्मळ, अनादि देवळात सकाळी जातोस, त्याची आजची मांडणी एका सरकारनं केलेली आहे. तुझ्या आजोळच्या रवळनाथाला कुठल्या खात्यानं दर्जा दिला नव्हता.

जाणारा : तारखा खऱ्या आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तू त्यांतून काढतेस तो निष्कर्ष मला पटत नाही. सरकारनं देवळाला साचा दिला म्हणून देऊळ सरकारी झालं, असं म्हणताना तू त्या देवळाच्या माणसांना विसरतेस. देवळांवर सगळ्यांत मोठा घाव घातला तोही सरकारनंच. १९०६ नंतर गृहखात्यानं देवळांच्या विलीनीकरणाचं धोरण रेटलं. एका गावाला एकच देऊळ, बाकीची मोडून त्यात मिळवायची. देशातली सुमारे १ लाख ९० हजार देवळं काही वर्षांत १ लाख २० हजारांच्या आसपास आली. मिए प्रांतात तर दहातली जवळजवळ नऊ गेली. देऊळ गेलं की त्यामागचं रान ‘रिकामं’ होई आणि झाडं विकली जात. याविरुद्ध उभा राहिला मिनाकाता कुमागुसु. लंडनमध्ये राहून आलेला, बुरशीसारख्या श्लेष्मकवकांचा अभ्यासक, अत्यंत तापट माणूस. वाकायामातल्या तानाबे गावी १९१० मध्ये तो विलीनीकरणवाल्या अधिकाऱ्याला जाब विचारायला सभेत घुसला आणि त्याबद्दल अठरा दिवस कोठडीत राहिला. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. देवळाचं रान तोडलंत तर झाडं जातील, पक्षी जातील, पक्षी गेले की शेतावर कीड येईल, आणि गावातल्या माणसांना एकत्र येण्याची जागा राहणार नाही. हे सगळं एकाच जाळ्यात आहे. ‘इकॉलॉजी’ हा शब्द जपानीत तेव्हा फारसा कोणाच्या तोंडी नव्हता, त्या काळात त्यानं तो वापरला. १९२० मध्ये ते धोरण मागं पडलं. आपल्याकडं गाडगीळ आणि वर्तक या दोघा अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या देवराया हिंडून १९७० च्या दशकात जे लिहिलं, ते वाचताना मला मिनाकाता आठवतो. देवाच्या नावानं राखलेलं रान आणि त्यात हात घालायला भिणारा गाव, गोष्ट तीच. तर सरकारनं देऊळ घडवलं हे तुझं म्हणणं मी मान्य करतो, पण सरकारला देऊळ नको होतं तेव्हा ते वाचवणारी माणसंही होती, आणि माझं नातं त्या माणसांशी आहे. मोतोओरी नोरिनागानं अठराव्या शतकात ‘कामी’ची व्याख्या करताना म्हटलं होतं, की जे जे सामान्यापलीकडचं आणि मनात धाक निर्माण करणारं ते कामी, मग तो डोंगर असो, झाड असो, वाघ असो. आमच्या देवळामागं कापराचं एक झाड आहे, बुंध्याला पेंढ्याचा जाड दोर बांधलेला. त्याच्याखाली उभं राहिल्यावर मला मेजी सरकार आठवत नाही.

थांबणारी : झाडावर मी काही बोलणार नाही. ते झाड वाचलं याचा मला आनंदच आहे. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल, तुझ्या ओगराळ्याबद्दल. हात का धुतात? ‘केगारे’ घालवायला. केगारे म्हणजे काय, हे मराठी माणसाला शब्दकोशात पाहावं लागत नाही. विटाळ. मृत्यूचा विटाळ, रक्ताचा विटाळ, बाळंतपणाचा विटाळ. जपानी खेड्यांत त्यांना रंगांची नावं होती, मृत्यूचा काळा, बाळंतपणाचा पांढरा, पाळीचा लाल. घरात माणूस गेलं की पन्नास दिवस देवळात जायचं नाही, घरातल्या देव्हाऱ्यावर पांढरा कागद लावायचा. आपलं सुतकच. मूल महिन्याचं झालं की त्याला गावदेवाच्या भेटीला नेतात, ओमियामाइरी म्हणतात त्याला. परंपरेनं त्या दिवशी बाळ कोणाच्या हातात असतं? बापाच्या आईच्या. का, तर बाळंतिणीचा विटाळ अजून फिटलेला नाही. माझी आजी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. मागच्या पडवीत तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी पाच वर्षांची असताना तिला शिवले म्हणून मला अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं होतं. थंडी होती. त्या दिवसापासून शुद्ध करणाऱ्या पाण्याशी माझं जमत नाही, आणि ते पाणी क्योतोचं आहे की कोकणातलं यानं मला फरक पडत नाही.

आणि हे बायकांपुरतंही नाही. जी माणसं मेलेली जनावरं ओढत, कातडी कमावत, त्यांना जपानात पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवलं. १८७१ मध्ये, देवळांचे दर्जे ठरले त्याच वर्षी, त्यांच्यावरचा कायदेशीर कलंक सरकारनं कागदावर पुसला. पण कित्येक गावांत त्यानंतरही त्यांना देवळाच्या माणसांत धरलं नाही, मिकोशीला, म्हणजे देवाच्या पालखीला, खांदा लावू दिला नाही. त्यांनी ३ मार्च १९२२ ला क्योतोत आपली सुइहेइशा ही संघटना उभी केली. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. तू म्हणतोस देऊळ कोणाला काही विचारत नाही. तुला विचारलं नाही. कारण तू कुठल्या कुळातला हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं.

जाणारा : यावर मी पटकन काही बोललो तर ते खोटं होईल. मी एवढंच म्हणेन, की मी परका होतो म्हणून माझ्यासाठी दार उघडं होतं आणि चार गल्ल्या पलीकडच्या जपानी माणसासाठी ते कधीकाळी बंद असावं, ही गोष्ट मी आजवर मनात आणली नव्हती. ती आता तिथंच राहील.

पण विटाळाबद्दल दोन गोष्टी सांगू दे. एक म्हणजे हे सगळं हलतंय. आता पुष्कळ आया आपलं मूल आपल्याच हातात घेऊन देवळात येतात. आमच्या इथं बायका मिकोशीला खांदा लावतात, आणि त्यांच्याशिवाय ती उचललीही जाणार नाही, कारण गल्लीत तरुण पुरुष उरलेत किती? सगळीकडे असं नाही हे मी जाणतो. ओकिनोशिमा बेटावर बायकांना आजही मज्जाव आहे आणि २०१७ मध्ये ते बेट त्यासकट जागतिक वारसा झालं. २०१८ मध्ये माइझुरू शहरात सुमोच्या आखाड्यात महापौर कोसळले, मदतीला धावलेल्या बायकांना ध्वनिक्षेपकावरून ‘खाली उतरा’ असं सांगितलं गेलं, आणि सगळा देश शरमला. शरमला हेही महत्त्वाचं आहे. दुसरी गोष्ट अशी, की जे पन्नास दिवस तुला बंदी वाटतात, ते माझ्या शेजारच्या आजींना सुट्टी वाटले होते. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, बरं झालं, इतके दिवस मला जत्रेला हसून उभं राहावं लागणार नाही. शोक करणाऱ्याला समाजानं काही दिवस एकटं सोडावं, यात शहाणपण नाही का?

शिवाय देऊळ नसेल तेव्हा काय जातं तेही पाहायला हवं. सेंदाईत नामिवाके नावाचं लहानसं देऊळ आहे. नावाचा अर्थ लाट दुभंगणारं. जुन्या सुनामीची आठवण गावानं देवळाच्या नावात ठेवली होती, आणि २०११ ची लाट त्याच्या अलीकडेच थांबली. त्या किनाऱ्यावरच्या गावांत घरं उभी राहण्याआधी लोकांनी सिंहनाच आणि हरणनाच पुन्हा सुरू केले, मुखवटे चिखलातून शोधून काढून. तात्पुरत्या वसाहतींत विखुरलेली माणसं देवाच्या जत्रेला परत एका जागी आली. ग्रामसभेनं बोलावलं असतं तर ती आली असती का?

थांबणारी : आली नसती. मला माहीत आहे. आणि म्हणूनच माझा प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. माणसांना इतकं घट्ट बांधणाऱ्या गोष्टीतून ज्याला सुटायचंय त्याचं काय? तू म्हणशील, अगं पण हा धर्म थोडाच आहे, ही तर रीत. हेच वाक्य मला सगळ्यांत जास्त घाबरवतं. जपानात लोकांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतात की मी कुठलाच धर्म मानत नाही, आणि तेच लोक नववर्षाला देवळासमोर रांगेत उभे असतात. तू याला सहजपणा म्हणतोस. पण ‘शिंतो हा धर्म नाही’ हे एकेकाळी सरकारचं अधिकृत म्हणणं होतं. १९०० मध्ये गृहखात्यात दोन निरनिराळी कार्यालयं झाली, एक देवळांचं, एक धर्मांचं. देवळं धर्माच्या कप्प्यात नाहीत म्हटल्यावर पुढची पायरी सोपी होती. धर्म तुम्ही कुठलाही पाळा, पण देवळात वाकणं हे नागरिकाचं कर्तव्य. कोरियात सोलच्या डोंगरावर १९२५ मध्ये मोठं शिंतो देऊळ उभं केलं, शाळाच्या शाळा तिथं वाकायला नेल्या, आणि नकार देणारे ख्रिस्ती पाद्री तुरुंगात गेले, काही तिथंच मेले. त्यांना कोणी ‘तुम्ही काय मानता’ असं विचारलं नव्हतं. नुसतं वाका म्हटलं होतं. आधी करा, मग वाटलं तर माना, हे तुझं आवडतं वाक्य.

१९४५ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याच्या हुकमानं राज्य आणि देऊळ वेगळं झालं, राज्यघटनेत तसं कलम आलं. तरी प्रश्न परत परत कोर्टात जातो. त्सु शहरानं व्यायामशाळा बांधताना शिंतो पुजारी बोलावून सरकारी पैशानं भूमिपूजन केलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा विरुद्ध पाच मतांनी म्हटलं, ही सामाजिक रीत आहे, चालेल. २०१० मध्ये होक्काइदोतल्या सुनागावा शहराच्या बाबतीत मात्र देवळाला सरकारी जमीन फुकट देणं घटनाबाह्य ठरवलं. पण मला झोप लागू देत नाही तो १९८८ चा निकाल. स्वसंरक्षण दलातला एक माणूस कामावर असताना अपघातात गेला. त्याची बायको ख्रिस्ती. तिनं स्पष्ट नको म्हटलं होतं, तरी माजी सैनिकांच्या संघटनेनं यामागुचीच्या देवळात त्याला देव म्हणून बसवलं. ती कोर्टात गेली. खालच्या दोन्ही कोर्टांत जिंकली, आणि सर्वोच्च न्यायालयात हरली. न्यायालयानं तिलाच सांगितलं की दुसऱ्यांच्या धर्माचरणाविषयी सहिष्णू राहा. विचार कर. तिचा नवरा, तिचं दुःख, आणि सहिष्णू तिनं व्हायचं. देवळानं तिला काहीसुद्धा विचारलं नाही, आणि ती नाही म्हणाली तेव्हा ऐकलंही नाही.

जाणारा : तो निकाल मी वाचला नव्हता. मी त्याचं समर्थन करणार नाही, आणि ‘ते सैनिकांचं देऊळ, आमचं गल्लीतलं निराळं’ असंही म्हणणार नाही, कारण आमच्याही आवारात रशियाशी झालेल्या युद्धाचा दगडी स्तंभ आहे आणि मी रोज त्याच्यावरून नजर फिरवून पुढं जातो. पण तू मला आत जाणं सोडायला सांगत असशील, तर तेही मला जमायचं नाही. पहाटे झाडून काढलेल्या खड्यांवरून चालताना माझ्यातलं काहीतरी जागेवर येतं. परक्या देशात सात वर्षं जागेवर राहिलेली माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट आहे.

थांबणारी : सोड असं मी म्हटलंच नाही. तू आत गेलास म्हणून त्या बाईचं दुःख वाढत नाही आणि मी बाहेर थांबले म्हणून कमी होत नाही. तुझ्या गल्लीत नाही म्हणणारं कोणी आहे का, एवढं मला सांग. असेल तर त्याच्याशी गल्ली कशी वागते?

जाणारा : आहे. कोपऱ्याच्या घरातले एक आजोबा. जत्रेच्या दिवशी मिकोशी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा ते खिडक्यांची लोखंडी झडपं ओढून घेतात. सगळ्या घरांवर कागदी कंदील लागतात, त्यांच्यावर नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, इतरही बोलत नाहीत. कोणी म्हणतं ते दुसऱ्या कुठल्या पंथाचे आहेत, कोणी म्हणतं त्यांचा मोठा भाऊ युद्धात गेला. त्यांच्याशी कोणी वाईट वागत नाही. त्यांच्या दाराशी आलं की पालखीवाले आवाज थोडा उतरवतात, एवढंच. मला ते समंजसपणाचं वाटत आलं. आता तू सांगितल्यावर वाटतं, की आवाज उतरवणं म्हणजे ते तिथं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असणं, आणि तरी दार न वाजवणं.

थांबणारी : दार वाजवलं तर काय होईल?

जाणारा : तेच तर. यंदा आमच्या घराची पाळी आहे. मोहल्ल्याच्या मंडळात दर वर्षी एक घर वर्गणी गोळा करतं, दिव्यांची, कचऱ्याच्या जाळीची, म्हाताऱ्यांच्या चहापानाची, आणि त्याच पावतीत जत्रेची. वेगळी ओळ नाही, एकच आकडा. मी सात वर्षं ती भरत आलो आणि त्यात देवाचा वाटा किती हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. या महिन्यात पावतीपुस्तक माझ्या हातात आहे. अठ्ठावीस घरं. मागच्या पानांवर पाहिलं तर आजोबांच्या नावापुढं दर वर्षी पूर्ण रक्कम भरल्याची खूण आहे.

थांबणारी : म्हणजे खिडक्या बंद करणारा माणूस पालखीचे पैसे देत आलाय.

जाणारा : हो. त्यांना वगळून पुढं गेलो तर मी त्यांना गल्लीबाहेर काढल्यासारखं होईल, तेही एका परक्यानं. घंटा वाजवून नेहमीसारखे पैसे घेतले, तर आता मला माहीत असून घेतले असं होईल. आणि दारात उभं राहून म्हटलं, की आजोबा, यातला जत्रेचा भाग द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, तर इतकी वर्षं जे कोणी बोललं नाही ते मी त्यांच्या दारात बोललो. त्यांना ते हवंय का, हेही मला ठाऊक नाही.

थांबणारी : मलाही नाही. रविवारी जाणार आहेस ना? मी येते बरोबर. त्यांच्या फाटकाशी थांबेन.